आंबवणाची बरणी

१

सुरतेच्या डिंडोलीत नळाला पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम घरघरायला लागतात. दिपाली त्या आवाजानं उठायची. आधी पिंप भरायचं, मग पप्पांचा डबा करायचा, मग आईचा चहा. चहा आतल्या खोलीत आईच्या उशाशी ठेवायचा आणि शाळेला निघण्याआधी तो तसाच उचलून मोरीत ओतायचा. वर साय धरलेली असायची. कपाच्या काठाला ओठ लागल्याची खूण नसायची.

सायलीताई गेल्यापासून घराची घडी अशी बसली होती.

पूर्वी आई दारात बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. बोटांना कायम डिंक लागलेला, मांडीवर कुणाच्या तरी लग्नाची साडी पसरलेली आणि तोंडाची टकळी चालू. आता ती भिंतीकडे तोंड करून पडून असे. साड्यांचा अर्धवट राहिलेला गठ्ठा मार्केटचा माणूस केव्हाच परत घेऊन गेला होता. पप्पा पांडेसऱ्याकडच्या एका मिलमध्ये कापड रंगवण्याच्या खात्यात होते. कामावरून आले की निळ्या-हिरव्या हातांनी ताट आईपुढे सरकवत आणि म्हणत, "खाई ले ना वं सुंदरा, दोन घास." आई-पप्पा एकमेकांशी अहिराणीतच बोलत, मुलींशी मात्र मराठीत. आई मान हलवायची. ती हो म्हणाली की नाही, हेही कळत नसे. फार झालं तर भाताची चार शितं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पप्पांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हेमराजभाई, माणूस खात नाही तेव्हा शरीर स्वतःलाच खायला घेतं. थोडं तरी पोटात जाऊ द्या." दिपाली तेव्हा औषधाच्या खिडकीशी उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

आईला मनापासून आवडणारी एकच गोष्ट तिला आठवत होती. ताई उधन्यातल्या एका बेकरीच्या काउंटरवर उभी राहायची. तिथे वेसूकडच्या श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी एक गोल, जाड सालीचा, किंचित आंबट पाव होई. एखादा उरला की ताई तो ओढणीत गुंडाळून घरी आणी. आई त्याची कडक कड चहात बुडवून खायची आणि म्हणायची, "ह्याला आपल्या भाकरीच्या पापुद्र्याची चव आहे." ताईनं तर बेकरीतला एक जुना लहान ओव्हनही घरी आणून ठेवला होता. घरीच पाव करू म्हणाली होती. मग तिला ताप आला. ओव्हन अजून ओट्याच्या टोकाला फडक्याखाली होता.

दिपालीनं ठरवलं की तो पाव आपण करायचा. एक तुकडा जरी आईच्या पोटात गेला तरी पुढचं पुढे बघता येईल.

२

मोबाइलवरच्या व्हिडिओतली बाई फार गोड बोलायची. तिचं स्वयंपाकघर दवाखान्यासारखं पांढरं होतं. "सिर्फ़ आटा और पानी," ती म्हणाली, "बाकी काम हवा करेगी. रोज़ आधा निकाल दीजिए, उतना ही ताज़ा आटा-पानी खिलाइए. इसे बच्चे की तरह पालिए."

दिपालीनं लोणच्याची रिकामी काचेची बरणी उकळत्या पाण्यानं धुतली आणि गच्चीवर उन्हात वाळवली. चक्कीवरून आणलेलं गव्हाचं पीठ वाटीनं मोजलं. पाणी घालताना हात आखडला आणि पीठ जरा घट्टच झालं, पण सुटेल आपोआप, तिनं मनाशी म्हटलं. पाण्याचा हात लावून तिनं त्याचा छान गोल गोळा केला. वर एक सुरकुती राहिली नाही. गोळा बरणीत ठेवला, तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा रबरानं बांधला आणि पीठ कुठवर आहे ते कळावं म्हणून दुसरं रबर बरणीच्या पोटाला चढवलं.

शेजारच्या सरलाबाई वाटीत डाळ घेऊन आल्या. ताईच्या आजारपणापासून त्या रोज एकदा डोकावत.

"काय शिजाडी रायनी वं दिपा?"

"शिजवत नाहीये मावशी, आंबवतेय. पाव करायचाय."

"पाव तर नाक्यावर भेटस."

"तसला नाही. ताई आणायची तसला."

सरलाबाईंनी वाटी ओट्यावर ठेवली आणि बरणी उचलून उजेडात धरली.

"असा गोया ठेवतस नही, बेटा. बोटे उठाडी दे त्यावर."

दिपालीला ते ठाऊक होतं. आईसुद्धा कणीक झाकून ठेवायची झाली की वर चार बोटं दाबायची. खळगे असले म्हणजे ती कणीक घरच्या माणसांची. गुळगुळीत गोळा तसाच ठेवला तर तो पिंडासारखा दिसतो, आणि ज्यांना पिंड लागतो त्यांना वाटतं, हा आपल्यासाठीच ठेवलाय. ताई ह्यावरून आईची भारी थट्टा करायची.

"हात लावायचा नसतो मावशी," दिपाली म्हणाली. "ह्यात बॅक्टेरिया वाढवायचे असतात. हाताचे दुसरे जंतू गेले तर बिघडतं."

"व्हय वं सायन्सवाली." सरलाबाई हसल्या. बरणी मात्र त्यांनी फार हळू खाली ठेवली, आत कुणी झोपलंय अशी. जाताना पुन्हा वळून म्हणाल्या, "तुनी माय जेवनी का आज?"

दिपालीनं नुसती मान हलवली. मग तिलाच वाटलं, आपलीही मान आता आईसारखीच हलते.

३

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग गोळा विरघळला, त्याचं दाट भिजवण झालं आणि त्यात बुडबुडे धरले. वास ताकासारखा येई. रोज अर्धं काढून टाकायला पप्पांनी साफ नकार दिला, तेव्हा काढलेल्या पिठाची ती तव्यावर धिरडी घालू लागली. पप्पा आंबट तोंड करून खात आणि म्हणत, "हे पीठ म्हणजे घरजावई झालंय. रोज खातंय, काम काही करत नाही."

एका सकाळी दिपालीनं फडकं सोडलं आणि ती थांबली.

पिठाच्या मधोमध एक चर होता. श्रीखंडाच्या पातेल्यातून कुणी जाता जाता बोट फिरवावं आणि चाटावं, तसा. रबर तिनं बांधलं होतं तसंच होतं, दुहेरी वेढ्याचं.

तिला भीती वाटली नाही. आनंदच झाला. ती धावत मोरीकडे गेली.

"पप्पा, आईनं चाखलं."

पप्पा दात घासत होते. तोंडात फेस घेऊनच ते आले, बरणीत वाकून पाहिलं आणि कितीतरी वेळ वाकूनच राहिले. मग चूळ भरून आतल्या खोलीत गेले. दिपाली दाराआड उभी होती.

"सुंदरा, कसं लागनं?"

"काय?"

"दिपानं पीठ. तू चाखं ना?"

"मी कोठे उठनू?" आई म्हणाली. पण हे म्हणताना तिनं भिंतीकडून मान वळवली आणि पप्पांकडे पाहिलं. पप्पा बाहेर आले ते डोळे पुसतच. "लाजते ती," ते हळूच म्हणाले. "विचारू नको. घेऊ दे तिला गुपचूप."

दिपालीनं विचारलं नाही. मात्र रोज सकाळी ती बरणी खिडकीशी नेऊन नीट पाही, आणि जे दिसे ते तिला आवडत नसे. पीठ फुगतं आणि मग खाली बसतं, हे व्हिडिओत सांगितलं होतं. फुगून बसलेलं पीठ काचेवर पांढरा ओघळ ठेवून जातं, हेही तिनं स्वतः पाहिलं होतं. आता पीठ रबराच्या बरंच खाली गेलेलं असे आणि वरची काच लख्ख. आतून सगळीकडे बोट फिरवून पुसून घेतल्यासारखी.

काढून टाकायला काही उरतच नव्हतं. धिरडी बंद झाली.

उंदीर असता तर फडकं कुरतडलं असतं. झुरळ एवढं खात नाही. एकदा तिनं रबराऐवजी दोरा बांधला आणि त्याला शाळेत स्काउटमध्ये शिकलेली गाठ मारली. सकाळी गाठ जशीच्या तशी होती आणि पीठ पुन्हा खाली. उष्मा फार आहे, तिनं स्वतःला सांगितलं. सुरतेच्या उन्हाळ्यात कशाचं काय होईल सांगता येत नाही. आई दोरा सोडून पुन्हा बांधत असेल. साड्यांच्या गठ्ठ्यांच्या गाठी तिनं आयुष्यभर सोडल्या-बांधल्या आहेत.

मग तिनं आईच्या खोलीत जाऊन आई झोपलेली असताना तिच्या हातांचा वास घेतला. उशीच्या खोळीचा वास येत होता. बाकी कसलाच नाही.

४

घराच्या मागच्या गल्लीत कापड विणायच्या लूम्सचं खातं आहे. त्याची खडखड इतकी कायमची की ती कुणाला ऐकूच येत नाही. ती ऐकू येते बंद पडल्यावर. रविवारी लूम बंद असले की डिंडोलीतली माणसंसुद्धा उगाच हळू आवाजात बोलतात.

तशा एका रविवारच्या दुपारी पप्पा कामावर होते. आई आत पडून होती. दिपाली स्वयंपाकघराच्या फरशीवर, थंडाव्याला पालथी पडून गणितं सोडवत होती. तेव्हा तिला ते ऐकू आलं.

ओलसर, बारीक आवाज. बुडबुडे फुटतायत, तिला वाटलं. ती लिहीत राहिली. पण बुडबुडे कसेही फुटतात. ह्या आवाजाला चाल होती. एक आवाज, मग थोडं थांबणं, मग पुन्हा तसाच. वरण-भात खाऊन झाल्यावर माणूस एकेक बोट तोंडात घालून चोखतो, तसा.

ती उठली. बरणीवरचं फडकं हळूच उचललं. आवाज थांबला.

आत पीठ सपाट होतं, ताणून बसवल्यासारखं. वास मात्र ताकाचा राहिला नव्हता. नाकात चढणारा, झोंबणारा वास येत होता. नेलपेंट काढायच्या पाण्याचा. दिपालीनं घाईघाईनं मोबाइल उघडला. त्या गोड बाईनं ह्याचंही उत्तर दिलेलं होतं. असा वास आला तर घाबरू नका, "बस, इसे भूख लगी है."

म्हणजे ह्यात काही विशेष नव्हतं. हे सगळ्यांच्याच घरी होतं.

पण ह्या घरात तो वास आधीही येत असे. बेकरीत काउंटरवर नखं रंगवलेली चालत नसत, म्हणून ताई सुट्टीच्या दिवशी हौसेनं नखं रंगवायची आणि संध्याकाळी पुन्हा पुसून टाकायची. ह्याच ओट्याला टेकून, कापसाचे बोळे टाकत, आठवडाभराच्या गिऱ्हाइकांच्या नकला करत.

आणि दिपालीला कापसाचे दुसरे बोळे आठवले. दवाखान्यात शेवटी शेवटी ताईच्या तोंडात काही घालायचं नाही असं सांगितलं होतं. पाणीसुद्धा नाही. ताईला शुद्ध होती. ती आईकडे पाहून म्हणायची, "आई, एक घास दे ना गं." आई ओल्या कापसानं तिचे ओठ पुसायची. "डॉक्टर म्हणतील तेव्हा देते हं बाळा." डब्यात मऊ भात होता. आई तो रोज करून न्यायची आणि रोज परत आणायची. डॉक्टर काही म्हणाले नाहीत. ताई उपाशीच गेली.

दिपालीनं फडकं बांधायला घेतलं आणि मागे वळली. आई दारात उभी होती. कितीतरी आठवड्यांनी आपल्या पायांवर. केस मोकळे, एक हात चौकटीला. तिनं खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला.

"तिला भूक लागलीय," आई म्हणाली.

५

त्यानंतरचे दिवस चांगले गेले, असं पप्पा आजही म्हणतात.

आई उठू लागली. अंघोळ करू लागली. वेणी घालून स्वयंपाकघरात पाटावर बसू लागली. बरणीला पीठ-पाणी घालायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं आणि दिपालीला हात लावू देईना. जेवायला पप्पांसोबत बसायला मात्र ती तयार नसे. आत बसून जेवते म्हणून ताट घेऊन स्वयंपाकघरात जायची, दार लोटून घ्यायची. ताट परत यायचं ते रिकामं. पोळीचा तुकडा नाही, भाताचं शीत नाही.

पप्पांनी मिलमध्ये पेढे वाटले. सरलाबाईंना त्यांनी सांगितलं, "दिपानं पीठ देव बनीसन उनं घरमा." देवच पिठाच्या रूपानं घरी आल्यासारखं ते बोलत होते. सरलाबाई हो म्हणाल्या आणि आईच्या पायांकडे पाहत राहिल्या. दिपालीनंही पाहिलं. आईची जोडवी बोटांतून निसटू नयेत म्हणून त्यांना दोरा गुंडाळलेला होता.

जो माणूस दोन्ही वेळा ताट पुसून जेवतो, तो सुकत कसा जातो?

शाळा एकदा लवकर सुटली. दिपाली घरात आली तेव्हा स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं आणि आतून आईचा आवाज येत होता. हलका, लाडाचा. असा आवाज दिपालीनं आपल्या लहानपणीच ऐकला होता. तिनं फटीतून पाहिलं.

आई भिंतीला टेकून बसली होती. मांडीत बरणी. समोर ताट. ती वरण-भात कालवायची, पाच बोटांत धरून छोटा घास वळायची, बरणीच्या तोंडाशी नेऊन आत सोडायची. मग थांबायची. बरणीकडे पाहत, आपणही नकळत ओठ हलवत.

"नीट चाव," आई म्हणाली.

आणि पुढचा घास वळला.

"आई," दिपाली दार ढकलून म्हणाली, "हे तू खायचं होतंस."

"हळू बोल," आई म्हणाली. ती रागावली नव्हती. बाळ नुकतंच डोळे मिटतंय आणि कुणी भांडं आपटलं, तेवढंच.

दिपालीनं तिच्या हातून बरणी घेतली. आईनं ती दिली, पण बोटं शेवटपर्यंत काचेवरून सुटत नव्हती. एवढं ताटभर जेवण आत गेलं होतं. बरणी जड हवी होती. दिपालीनं चमचा घालून ढवळलं. पोळी नाही, शीत नाही, हळदीचा पिवळा डागसुद्धा नाही. नुसतं पांढरं, स्वच्छ, गुळगुळीत पीठ, आणि तो नाकात चढणारा वास.

आंबवण सगळं पचवतं, तिनं मनात म्हटलं. पुस्तकातही आहे, सूक्ष्मजीव अन्नाचं विघटन करतात. तिनं ते पुन्हा म्हटलं. मग तिच्या लक्षात आलं की ती आईशी नाही, स्वतःशी वाद घालतेय, आणि हरतेय.

६

डॉक्टरीणबाईंनी आईला वजनकाट्यावर उभं केलं आणि पप्पांना आत बोलावून घेतलं. सलाइनच्या बाटल्या लावाव्या लागतील, त्यानंही उतार पडला नाही तर भरती करा. पप्पांना ते खरंच वाटेना. "अहो, पण ती जेवते मॅडम, मी रोज ताट बघतो," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. दिपाली खरं सांगायला तोंड उघडत होती आणि मिटत होती. काय सांगायचं? माझी आई तिचं जेवण कुणाला भरवते म्हणून सांगायचं?

तिनं दुसरंच ठरवलं. बरणीतलं सगळं पीठ एकदाच मळायचं आणि भाजून टाकायचं. भाजल्यावर पीठ मरतं, हे शास्त्रच आहे. मग भरवायला काही राहणार नाही. आणि समोर येईल तो पाव, आईच्या आवडीचा, ज्याच्यासाठी तिनं हे सगळं मांडलं होतं. दोन्ही कामं एकदम.

पहिली बाटली रविवारी लावायची होती. पप्पांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून सरलाबाई आईला रिक्षानं घेऊन निघाल्या. आईनं चपला घातल्या आणि उंबऱ्यातून मागे पाहिलं. दिपालीकडे नाही, ओट्याकडे.

"तिला बघशील ना?"

"बघीन," दिपाली म्हणाली.

रिक्षा वळली तशी तिनं बाही वर केली. व्हिडिओतली बाई नेहमी सांगायची, एक चमचा मागे ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी नव्यानं सुरुवात नको. दिपालीनं काही मागे ठेवलं नाही. बरणी खरवडून पुसून परातीत ओतली आणि बरणीत उकळतं पाणी घातलं. पीठ, मीठ घालून मळलं. गोळा करून ओल्या फडक्याखाली ठेवला, आणि ठेवण्याआधी वर चार बोटं घट्ट दाबली. हे आपण का करतोय, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

लूम बंद होते. परातीशेजारी बसून ती कान देऊन होती. काही ऐकू आलं नाही. ऊन खिडकीतून सरकत फरशीच्या टोकाला गेलं, तेव्हा तिनं फडकं उचललं. गोळा दुप्पट झाला होता. बोटांचे खळगे भरून आले होते. फुगलं की भरणारच, ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली.

ओव्हनची काच जुनी, पिवळट होती. आत गोळा चढत गेला, तांबूस झाला, सालीला तडे गेले. आणि असा वास सुटला की दिपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईच्या ओढणीला यायचा तोच वास. भूक चाळवणारा, साधा, घरचा. पलीकडच्या घरातून कुणीतरी विचारलं, "बेन, शुं बनाव्युं?" आणि दिपालीनं हसून उत्तर दिलं. किती दिवसांनी ती हसली होती. तिला वाटलं, जिंकलो आपण.

तिनं दोन फडक्यांनी पाव बाहेर काढला. तो फार हलका होता. बाई म्हणाली होती, खालून टकटक करून बघा, पोकळ आवाज आला की पाव झाला. दिपालीनं टकटक केलं.

आवाज पोकळ आला. हवा होता त्याहून पुष्कळच.

७

सरलाबाई आईला दारापर्यंत सोडून चूल पेटवायला गेल्या. आईच्या कोपरावर कापूस चिकटवलेला होता. ती आत आली, तिनं आधी बरणी पाहिली. धुतलेली, पालथी घातलेली. मग ताटातला पाव पाहिला.

दिपालीला वाटलं, ती आता रडेल, आरडेल. ती पाटावर येऊन बसली. शांत होती. पावाच्या वासानं तिच्या नाकपुड्या हलल्या.

"तुझ्यासाठी केलाय आई," दिपाली म्हणाली. "एवढा एक तुकडा खा. मग मी काही मागणार नाही तुझ्याकडे."

"काप," आई म्हणाली.

दिपालीनं सुरी चालवली. साल कडक होती. तिनं वरचा भाग टोपीसारखा कापून उचलला.

आत काही नव्हतं.

कधी कधी मोठा बुडबुडा राहतो, पाव पोकळ होतो. हे तिनं वाचलं होतं आणि हेच ती आईला सांगायला गेली. पण तेवढ्यात तिला आतली बाजू दिसली. साल भाकरीएवढी पातळ उरली होती आणि आतून तिच्यावर रेघा होत्या. वरून खाली, एकीवर एक, चार-चार मिळून. वाटीतलं शेवटचं काही राहू नये म्हणून माणूस बोटांनी निपटून घेतो, तशा. पावातून अजून वाफ येत होती. रेघा ओल्या होत्या.

आईनं वाकून आत पाहिलं. काय पाहिलं ते दिपालीला दिसलं नाही, कारण ती आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो चेहरा एकदम सैल झाला. मग आईनं उजवा हात पावात घातला.

"आई, भाजेल."

"नाही गं." आईचा आवाज अगदी हलका होता. "किती गार पडलीत बोटं."

"कुणाची?"

तिचा हात मनगटापर्यंत आत होता. ओंजळीत मावेल एवढासा पाव, खाली ताट, ताटाखाली फरशी. दिपालीनं आईचा डावा हात दोन्ही हातांनी धरला. तो हात तिच्या हातात होता, पण धरत नव्हता. त्यात आपलं म्हणून काही वजनच राहिलं नव्हतं.

"आई, मी भात टाकते. गरम भात. माझ्या हातून एक घास खा. फक्त एक."

"आधी तिचं होऊ दे," आई म्हणाली.

तिच्या उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या पावाच्या काठाला अडल्या होत्या. त्यांतली पहिली सरकून आत गेली. ताटावर तिचा आवाज आला नाही. तो कितीतरी वेळानं आला, खूप खालून, बारीक.

"मग आपण बसू," आई म्हणाली, आणि दुसरी बांगडी हलली.